प्रेक्षकांनी निवडलेला खेळाडू : सलीम दुराणी

१९७३ सालचा जानेवारी महिना. टोनी लुईसचा इंग्लंड संघ भारताच्या दौऱ्यावर होता आणि मालिकेतली चौथी कसोटी कानपूरला व्हायची होती. भारतीय संघात सलीम दुराणीचे नाव नव्हते. दुराणी काही कानपूरचा नव्हे. तो जामनगरचा, रणजी सामने राजस्थानकडून खेळणारा. तरीही कानपूरकर बिथरले. ‘नो दुराणी, नो टेस्ट’ असे फलक झळकले. आपल्या गावचा मुलगा वगळला म्हणून लोक रागावले, असे पुष्कळदा घडते. परगावच्या माणसासाठी एखादे शहर असे रुसून बसल्याचे उदाहरण मात्र क्रिकेटच्या इतिहासात सहसा सापडत नाही. पुढच्या मुंबईच्या कसोटीत निवड समितीने त्याला परत घेतले.

आम्ही तेव्हा शाळेत होतो. कोकणातल्या आमच्या मोहल्ल्यात जहाजावर नोकरी करणाऱ्या एका चाचांनी ट्रान्झिस्टर आणला होता. तो किराणा दुकानाच्या ओट्यावर ठेवलेला असे आणि त्याच्याभोवती आम्ही पोरे दाटीवाटीने बसत असू. समालोचनातले निम्मे आम्हाला कळत नसे. पण दुराणी खेळायला आला की रेडिओतून येणारा प्रेक्षकांचा आवाजच बदलायचा. ज्या बाजूने ‘सिक्सर, सिक्सर’ असा पुकारा होईल त्याच बाजूला तो चेंडू भिरकावतो, असे मोठी माणसे सांगत आणि आम्ही ते कुराणकसम खरे मानत असू. आमच्यातला प्रत्येक डावखुरा पोरगा त्या वर्षी दुराणी झाला होता. उजवे होते त्यांनीही डाव्या हाताने खेळून पाहिले.

पुढे १९७८ साली, तब्बल सतरा वर्षांनी, भारत-पाकिस्तान क्रिकेट पुन्हा सुरू झाले. बिशनसिंग बेदीचा संघ पाकिस्तानात गेला आणि तीन कसोट्यांची मालिका दोन-शून्य अशी हरून आला. त्या दिवसांत एस. टी.च्या रांगेत, कॉलेजच्या कट्ट्यावर, कधी थट्टेत तर कधी खोचकपणे एक प्रश्न आम्हाला विचारला जाऊ लागला : “काय रे, तुम्ही कुणाकडून?” वाचकांपैकी अनेकांच्या वाट्याला हा प्रश्न आला असेल. आमचे उत्तर ठरलेले असे : “मग सलीम दुराणी कोण होता?” समोरचा गप्प बसे आणि आम्हाला जिंकल्यासारखे वाटे.

आज इतक्या वर्षांनी मागे वळून पाहताना जाणवते, की तेव्हा आम्ही दुराणीला खेळाडू म्हणून आठवत नव्हतो. तलाठ्याकडून रहिवासाचा दाखला आणावा तसा त्याला दाखला म्हणून खिशात बाळगत होतो. तो काय खेळला, कुठे चुकला, त्याच्यावर अन्याय झाला की त्यानेच स्वतःवर केला, हे आम्ही कधी नीट पाहिले नाही. २ एप्रिल २०२३ रोजी, रमजानच्या महिन्यात, जामनगरला त्याचे निधन झाले. तेव्हापासून ही उणीव मनाला खुपत होती. हा लेख म्हणजे ती भरून काढण्याचा प्रयत्न.

मास्टर अझीझ यांचा मुलगा

नोंदवह्या सलीम अझीझ दुराणीचे जन्मस्थळ काबूल आणि जन्मतारीख ११ डिसेंबर १९३४ अशी सांगतात. दुराणी हे अफगाण पठाणांतले नामांकित घराणे. पण सलीमचे बालपण गेले काठेवाडात, नवानगर संस्थानात, म्हणजे आजच्या जामनगरला. रणजितसिंहजी ज्या गादीवर बसले तीच ही गादी. तिथे क्रिकेट येणाऱ्या माणसाला दरबारात मान होता. सलीमचे वडील अब्दुल अझीझ हे उत्तम यष्टिरक्षक. ते नवानगरकडून खेळले. १९३५-३६ साली जॅक रायडरचा ऑस्ट्रेलियन संघ हिंदुस्थानात आला, तेव्हा अनधिकृत कसोटीत देशाकडूनही खेळले. याच नवानगरने १९३६-३७ साली रणजी करंडक जिंकला आणि याच गावातून विनू मांकड पुढे आला. डाव्या हाताने फिरकी टाकणारा आणि बॅटही चालवणारा अष्टपैलू, ही जणू जामनगरची परंपराच ठरायची होती.

१९४७ साली देशाची फाळणी झाली, तशी या घराचीही झाली. वडील कराचीला गेले. आई मुलांसह जामनगरलाच राहिली. सलीम तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होता. आपल्यापैकी किती घरांत ही कथा घडली आहे! एक भाऊ इकडे, एक तिकडे. एक काका रत्नागिरीला, दुसरा कराचीच्या कोकणी वस्तीत. ज्यांच्या घरी ती घडली त्यांना तिचा अर्थ समजावून सांगायला नको.

कराचीत अझीझसाहेबांनी सिंध मदरशात मुलांना क्रिकेट शिकवायला घेतले. ‘मास्टर अझीझ’ या नावाने ते तिथे ओळखले जाऊ लागले. त्यांच्या हाताखाली घडलेला सर्वांत मोठा शागीर्द म्हणजे हनीफ मोहंमद. तोही जुनागढचा, म्हणजे काठेवाडचाच, फाळणीत कराचीला गेलेला. जामनगरच्या मास्तरने जुनागढच्या पोराला कराचीत शिकवले आणि तो पाकिस्तानच्या फलंदाजीचा आधारस्तंभ झाला. स्वतःचा मुलगा मात्र बापाच्या देखरेखीवाचून इकडे जामनगरच्या मैदानावर वाढत होता.

हा मुलगा १९५३-५४ साली सौराष्ट्राकडून रणजी स्पर्धेत उतरला आणि पहिल्याच सामन्यात त्याने शतक ठोकले. त्यानंतर थोडा काळ गुजरातकडून खेळून तो राजस्थानात गेला आणि पुढची वीस-बावीस वर्षे तिथलाच झाला.

ब्रेबॉर्नवरची ती कसोटी

दुराणीची पहिली कसोटी १९६०च्या जानेवारीत मुंबईला ब्रेबॉर्न स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध झाली. त्याने तिथे फारसे काही केले नाही. त्या सामन्याचा खरा लाडका होता हैदराबादचा अब्बास अली बेग. त्याने दोन्ही डावांत अर्धशतक केले आणि प्रेक्षकांतल्या एका तरुणीने मैदानात धावत येऊन त्याच्या गालाचे चुंबन घेतले. त्या काळात हा केवढा मोठा प्रकार होता, हे सांगायला नको.

या मैदानाची आणखी एक आठवण वाचकांनी मनात ठेवावी. मुंबईत १९४६पर्यंत पंचरंगी सामने होत. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि इतर असे धर्मवार संघ एकमेकांविरुद्ध खेळत आणि प्रेक्षकही बहुधा त्याच हिशेबाने वाटले जात. गांधीजींनी या प्रकाराला नापसंती दर्शवली होती. फाळणीच्या तोंडावर ते सामने बंद पडले. त्यानंतर चौदा वर्षांनी त्याच शहराचा प्रेक्षक एका मुसलमान फलंदाजावर असा जीव ओवाळून टाकत होता. पंचरंगी सामने पाहिलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांना याचे फार अप्रूप वाटे.

पण हे अप्रूप वर्षभरही टिकले नाही. १९६०च्या डिसेंबरात पाकिस्तानचा संघ आला. मास्टर अझीझ यांच्या शागिर्दाने, हनीफने, ब्रेबॉर्नवरच १६० धावा काढल्या. मालिकेत बेगची बॅट चालली नाही. झाले! ज्याच्यावर फुले उधळली त्यालाच निनावी पत्रे येऊ लागली, की तू मुद्दाम लवकर बाद होतोस. तो संघाबाहेर गेला आणि १९६६-६७ साली थोडी संधी मिळेपर्यंत बाहेरच राहिला.

दुराणी त्या पाकिस्तान मालिकेत एकही कसोटी खेळला नाही. त्यानंतर त्याच्या कारकिर्दीत भारत-पाकिस्तान कसोटी झालीच नाही. समजा, तो त्या मालिकेत असता. समोर बापाचा शागीर्द, कराचीत रेडिओला कान लावून बसलेला बाप, आणि त्याच्या हातून एक झेल सुटला असता. तर काय झाले असते? बेगच्या अनुभवावरून अंदाज करता येतो. ज्या दाखल्याचा आम्ही पुढे एवढा गवगवा केला, तो त्याला कधी मागितलाच गेला नव्हता. त्याच्या नशिबाने तेवढे एक केले.

तेवीस बळी आणि एक शतक

१९६१-६२ साली टेड डेक्स्टरचा इंग्लंड संघ आला, तेव्हा दुराणी सत्तावीस वर्षांचा होता. उंचापुरा, गोरापान, डोळे हिरवट, चालण्यात एक आळसावलेली ऐट. तो डाव्या हाताने संथ फिरकी टाकी. उंचीमुळे चेंडू वरून येई आणि टप्पा पडल्यावर अनपेक्षित उसळे. मुंबईच्या पहिल्या कसोटीत त्याने ७१ धावा काढून चंदू बोर्डेबरोबर मोठी भागीदारी केली. पहिल्या तीन कसोट्या अनिर्णित राहिल्या. मग कलकत्ता आले.

ईडन गार्डन्सवर दुराणीने पहिल्या डावात ४७ धावांत ५ आणि दुसऱ्या डावात ६६ धावांत ३ बळी घेतले. भारताने सामना १८७ धावांनी जिंकला. लगेच पुढच्या आठवड्यात मद्रासला त्याने पहिल्या डावात ६ आणि दुसऱ्या डावात ४ असे दहा गडी टिपले. भारताने तो सामनाही १२८ धावांनी जिंकला आणि मालिका दोन-शून्य अशी खिशात घातली. इंग्लंडविरुद्ध भारताने जिंकलेली ही पहिलीच मालिका होती. दीडशे वर्षे ज्यांची गुलामी केली त्यांच्याविरुद्ध त्यांच्याच खेळात अख्खी मालिका जिंकण्याचा आनंद देशाला पहिल्यांदा मिळाला तो इथे, आणि त्यात दुराणीचे बळी होते तेवीस. त्याच सुमारास भारत सरकारने अर्जुन पुरस्कार सुरू केला होता. तो मिळवणारा पहिला क्रिकेटपटू सलीम दुराणी.

ही मालिका संपताच संघ वेस्ट इंडीजला गेला आणि स्वर्गातून थेट जहन्नममध्ये पडला. वेस्ली हॉलच्या तोफखान्यापुढे भारत पाचही कसोट्या हरला. बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथचा चेंडू डोक्याला लागून कर्णधार नरी काँट्रॅक्टरचा जीव जाता जाता वाचला. अवघ्या एकवीस वर्षांच्या मन्सूर अली खान पतौडीवर नेतृत्व येऊन पडले. अशा भेदरलेल्या संघातून चौथ्या कसोटीत, पोर्ट ऑफ स्पेनला, फॉलोऑन मिळाल्यावर दुराणीला तिसऱ्या क्रमांकावर खेळायला पाठवले गेले. पहिल्या डावात भारत १९७ धावांत आटोपला होता. त्या वेळी ना हेल्मेट होते ना छातीला कवच. दुराणीने १०४ धावा काढल्या. पॉली उम्रीगर १७२ धावांवर नाबाद राहिला आणि भारताने ४२२ धावा केल्या. सामना गेलाच, पण त्या पराभवातही ही दोन शतके उठून दिसली.

कसोटीतले त्याचे हे एकमेव शतक. कारकिर्दीतली सर्वांत अवघड खेळी त्याने सर्वांत वाईट दिवसांत केली, हे त्याच्या बेफिकीर प्रतिमेशी जुळत नाही. म्हणूनच ती नीट लक्षात ठेवायला हवी.

राजस्थानचा सलीम, मुंबईचा प्रतिस्पर्धी

मुंबईकरांना दुराणी वर्षानुवर्षे दिसत राहिला तो विरुद्ध बाजूचा खेळाडू म्हणून. मुंबईने १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षे रणजी करंडक आपल्याकडे ठेवला. या काळात अंतिम फेरीत पुन्हा पुन्हा येऊन हरणारा संघ म्हणजे राजस्थान. उदयपूरच्या महाराण्यांचा आश्रय, डुंगरपूरचे राजसिंह, बांसवाड्याचे हनुमंतसिंग, काही काळ विनू मांकड, पुढे आपल्या मुंबईचा विजय मांजरेकर, अशी मोठमोठी नावे त्या संघात होती. १९६०-६१ ते १९६९-७० या दहा हंगामांत राजस्थान सात वेळा अंतिम सामन्यात मुंबईकडून हरले. १९७३-७४ साली आठव्यांदा अंतिम फेरी गाठली, तेव्हा समोर मुंबई नव्हती. तरी कर्नाटकाने हरवलेच.

दुराणी १९७८पर्यंत राजस्थानकडून खेळला. प्रथम श्रेणीच्या १७० सामन्यांत त्याने १४ शतकांसह ८,५४५ धावा काढल्या आणि ४८४ बळी घेतले. एखाद्या माणसाला फक्त लहरी, फक्त आळशी म्हणायचे असेल, तर त्याने आधी हे आकडे समोर ठेवावेत. पंचवीस वर्षे धुळीच्या मैदानांवर, रेल्वेच्या प्रवासात, तुटपुंज्या पैशात ४८४ बळी नुसत्या लहरीवर मिळत नाहीत.

राजस्थानने रणजी करंडक पहिल्यांदा जिंकला तो २०१०-११ साली, तोही पुण्याच्या हृषीकेश कानिटकरच्या नेतृत्वाखाली. त्याच २०११ साली नियामक मंडळाने दुराणीला सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. दोन्ही गोष्टी उशिराच आल्या. पण आल्या एकत्र.

चार वर्षांचा वनवास आणि सतरा षटके

१९६६-६७ साली वेस्ट इंडीजविरुद्ध मुंबईला एक कसोटी खेळून दुराणी संघाबाहेर गेला. मग इंग्लंडचा दौरा झाला, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा झाला, ते संघ इकडे येऊन गेले. दुराणी कुठेच नव्हता. का नव्हता? याची उत्तरे अनेक दिली गेली. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन हे चौघे उदयाला आले होते आणि फिरकी गोलंदाजाला जागा मिळणे मुश्कील झाले होते. हे कारण खरे आहे. दुराणीचे मन रमले नाही तर तो स्वतःला खेळात झोकून देत नसे, असेही सांगितले जाते. तेही अगदीच खोटे नसावे. त्याच्याजवळ जे होते ते पाहता त्याच्या हातून व्हायचे राहिले ते पुष्कळ, हे त्याच्यावर प्रेम करणारेही कबूल करतात.

आमच्यातले काही जण इथे तिसरे कारण पुढे करतात. नाव सलीम होते म्हणून. आम्हीही तरुणपणी ते बोललो आहोत. पण जरा थांबून पाहू या. त्याला वगळले गेले त्या काळात संघाचा कर्णधार होता पतौडी. त्याला परत आणले गेले तेव्हा कर्णधार होता अजित वाडेकर. आमचे ते कारण या हिशेबात बसत नाही. अन्याय झाला नाही असे नाही. पण प्रत्येक अन्यायाला एकच कारण चिकटवले, की खरा अन्याय दाखवायची वेळ येते तेव्हा आपल्या बोलण्याचे वजन राहत नाही. बेगवर जे झाले ते झाले म्हणून ठणकावून सांगता यावे, यासाठीच दुराणीच्या बाबतीत आम्ही जपून बोलले पाहिजे.

१९७१ साली वाडेकरचा संघ वेस्ट इंडीजला निघाला, तेव्हा छत्तीस वर्षांचा दुराणी त्यात होता. पुन्हा पोर्ट ऑफ स्पेन, जिथे नऊ वर्षांपूर्वी त्याने शतक काढले होते. दुसरी कसोटी. मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईने ११२ धावा काढल्या. पहिल्याच कसोटीत उतरलेल्या सुनील गावसकरने आणि मुंबईच्याच एकनाथ सोळकरने अर्धशतके केली. भारताला पहिल्या डावात १३८ धावांची आघाडी मिळाली. पण दुसऱ्या डावात वेस्ट इंडीज एक बाद दीडशेपर्यंत जाऊन पोचले. पुढे यायचे होते क्लाइव्ह लॉइड आणि गॅरी सोबर्स. या दोघांपैकी एक जरी टिकला असता तरी भारताच्या हातून सामना निसटला असता.

हे दोघे आपण काढतो, चेंडू आपल्याला द्या, असे दुराणीने सुचवले होते, हा किस्सा पुढे फार प्रसिद्ध झाला. वाडेकरने चेंडू दिला. दुराणीने लॉइडला वाडेकरच्याच हाती झेल द्यायला लावले आणि सोबर्सचा शून्यावर त्रिफळा उडवला. त्या डावातला त्याचा हिशेब असा : १७ षटके, ८ निर्धाव, २१ धावा, २ बळी. वेंकटराघवनने पाच गडी बाद करून उरलेले काम संपवले. वेस्ट इंडीजविरुद्ध भारताचा हा पहिला कसोटी विजय. पुढे मालिकाही याच एका विजयावर जिंकली गेली. शिवाजी पार्क-दादरच्या मुंबईकरांच्या त्या यशोगाथेत जामनगरच्या या पठाणाची सतरा षटके अशी घट्ट विणलेली आहेत, की ती काढली तर सगळी वीण उसवेल.

आणि तरीही, त्याच वर्षी इंग्लंडला गेलेल्या संघात दुराणी नव्हता. ओव्हलचा विजय त्याच्याविना मिळाला. कसोटी खेळायला तो परदेशी गेला तो दोनदाच, आणि दोन्ही वेळा वेस्ट इंडीजलाच.

शेवटची कसोटी

१९७२-७३च्या मालिकेत तो पुन्हा आला. कलकत्त्याला दुसऱ्या डावात भारत १५५ धावांत गडगडला, त्यात दुराणीच्या ५३ होत्या. भारत सामना जिंकला तो अवघ्या २८ धावांनी. मद्रासला तो खेळला, तो सामनाही भारताने जिंकला. मग कानपूरला त्याला वगळले आणि फलक झळकले. कानपूरकरांनी हिशेब मांडून राग धरला असेल असे नाही. पण हिशेब मांडला असता तरी राग रास्तच ठरला असता.

मुंबईच्या पाचव्या कसोटीत त्याने ७३ आणि ३७ धावा काढल्या. आमच्या मोहल्ल्यातल्या ओट्यावर ऐकू येणारा तो पुकारा याच सामन्यातला. कसोटी कारकीर्द जिथे सुरू झाली त्याच ब्रेबॉर्नवर ती संपली. पुढे दोन वर्षांत वानखेडे उभे राहिले आणि मुंबईच्या कसोट्या तिकडे गेल्या. दुराणी गेला, आणि त्याच्यामागोमाग त्याचे मैदानही मागे पडले.

त्याच वर्षी बी. आर. इशारा यांच्या ‘चरित्र’ या चित्रपटात तो नायक झाला. नायिका होती जुनागढची परवीन बाबी, तिचा तो पहिलाच चित्रपट. परवीन पुढे मोठी तारका झाली. सलीमचे सिनेमात काही जमले नाही. कॅमेऱ्याने त्याचा देखणेपणा टिपला, पण गॅलरीतून कोणी काही मागितल्यावाचून त्याला सूर सापडत नसावा, असे आम्हाला उगीच वाटते.

तेरा वर्षांत २९ कसोट्या. या काळात भारत जेवढ्या कसोट्या खेळला त्यांच्या निम्म्याहूनही कमी. १,२०२ धावा, सरासरी २५. ७५ बळी, सरासरी ३५. आजच्या पोरांना हे आकडे दाखवले तर ती विचारतील, एवढ्याचे काय कौतुक? त्यांचे चुकत नाही. पण इंग्लंडवरचा पहिला मालिका विजय आणि वेस्ट इंडीजवरचा पहिला विजय, या दोन्ही ठिकाणी तो होता. आकड्यांची वही सगळ्या धावा सारख्याच मोजते. लोकांची आठवण तसे करत नाही.

दाखला नव्हे, गोष्ट

उत्तरायुष्य त्याने जामनगरलाच काढले. पैसा फारसा गाठीला नव्हता. जो होता तो हात सैल सोडून वाटला, असे त्याला ओळखणारे सांगतात. २०१८च्या जूनमध्ये बंगळूरला अफगाणिस्तानने आपली पहिली कसोटी भारताविरुद्ध खेळली, तेव्हा पाहुणा म्हणून दुराणीला बोलावले गेले. काबूलच्या नावावर जन्मनोंद असलेला, जामनगरात वाढलेला, बाप कराचीत गेलेला हा म्हातारा त्या दिवशी कोणत्या बाजूचा होता? कोणीही विचारले नाही. विचारायची गरजही नव्हती. ज्या देशाच्या टोपीखाली त्याने तेरा वर्षे ऊन खाल्ले, त्या देशाचा तो होता. आणि पूर्वजांच्या मातीतून आलेली पोरे कसोटी खेळताना पाहून डोळे पाणावले असतील, तर तेही त्याचेच होते. दोन्ही भावना एका काळजात मावतात. आपल्या कौमला हे दुसऱ्या कोणापेक्षा जास्त ठाऊक आहे.

दुराणीने कधी कोणाला दाखला दाखवला नाही. तो खेळला, कधी मनापासून, कधी मनाविरुद्ध. आणि लोकांनी त्याला आपला म्हटले. कानपूरचे ते फलक हातात धरणाऱ्यांत कोण हिंदू होते, कोण मुसलमान, याची नोंद कुणी ठेवलेली नाही. ती ठेवावीशी वाटली नाही, यातच त्या काळाची श्रीमंती आहे. ती श्रीमंती सर्वकाळ होती असा भाबडा दावा आम्ही करणार नाही. बेगची पत्रे आम्ही विसरलेलो नाही. पण दोन्ही गोष्टी याच देशात, एकाच दशकाच्या आगेमागे घडल्या. मुलांना सांगायच्या तर दोन्ही सांगाव्यात.

१९६०च्या दशकात मांकडची गादी दुराणीने चालवली. २०१२च्या डिसेंबरात नागपूरला आणखी एका डावखुऱ्या अष्टपैलूने पहिली कसोटी खेळली. रवींद्र जडेजा, तोही जामनगरचाच. विनू, सलीम, रवींद्र. एका गावाने देशाला दिलेले हे तीन डावे हात. त्यातला मधला आमचा होता, असे आम्ही वर्षानुवर्षे म्हणत आलो. जामनगर म्हणेल आमचा, राजस्थान म्हणेल आमचा, कानपूरही हात वर करील. म्हणोत बापडे. एवढे हक्कदार असणे हीच त्याची कमाई.

आमच्या मोहल्ल्यातला तो ओटा आता राहिलेला नाही. तिथे मोबाइलचे दुकान आले आहे. पोरे तिथेच उभी राहून सामने बघतात. परवा त्यातल्या एकाने विचारले, “चाचा, हा दुराणी कोण होता?” एके काळी आम्ही या नावाची ढाल करायचो. या वेळी ढाल नको वाटली. आम्ही खाली बसलो आणि त्याला सांगायला घेतले : १९७१ साल होते, पोर्ट ऑफ स्पेनचे मैदान होते, सोबर्स नुकताच खेळायला आला होता...